पित्ताची गोळी

२००८ साल. शहागडहून जालन्याला जाणारी सकाळची बस. अंबड मागे पडलं आणि बरोबर आठला माझ्या पिशवीतलं घड्याळ वाजलं... तेवढ्यात शेजारच्या माणसाच्या मनगटावरचंही!

दोघांनीही गोळी काढली.

"पित्ताचा त्रास आहे," मी घाईनं म्हणाले.

"मला बी पित्तच," म्हणत त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

त्याच्या तळहातावरची गोळी मी ओळखली. माझ्याच औषधाची होती ती. ट्रकवरचा नवरा जाताना एचआयव्ही देऊन गेला. सासरनं हाकललं, माहेरी माझं ताट वेगळं. गावात कळलं तर शिवणकामही सुटेल. मी कशाला तोंड उघडतेय!

तो गिरिधर, मोटारींचं वायरिंग करायचा. दर महिन्याला त्याच तारखेला मी गोळ्या आणायला निघायचे, तेव्हा तो माझ्यासाठी खिडकी धरून ठेवू लागला. मी त्याला पित्तावर साळीच्या लाह्या दिल्या, त्यानं मला मोरावळा. चार महिने आम्ही पित्तावर इतकं गोड बोललो... जालन्यात मात्र दवाखान्याचं नाव न काढता तो आधीच्या चौकात उतरायचा, मी स्टँडवर. खरं बोलले तर खिडकी जाईल, आणि तोही.

पाचव्या महिन्यात घड्याळं वाजली. गिरिधर हललाच नाही.

"शैलाबाई, तुमच्या लाह्यांनी पित्त बिलकुल गेलं. गोळी बंद करून राह्यलो."

"येड लागलं का?" मी ओरडलेच. "एक बी चुकवायची न्हाई! चुकली की—"

जीभ चावली. कंडक्टरनंसुद्धा वळून पाहिलं.

गिरिधरनं हळूच मूठ उघडली. गोळी आत होती.

"पित्तासाठी कुणी एवढं वरडतं व्हय?"

"...कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. तुम्हाला?"

"मला बी."

"मंग मला लाह्या कशाला चारल्या?"

"तुम्ही खाल्ल्या कशाला?"

"तुम्ही दिल्त्या म्हणून," तो म्हणाला, आणि गोळी गिळली.

त्याचा चौक आला. तो उठेना. मी माझी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली — आता उठून दाखव!

दवाखान्यातल्या सिस्टर दर वेळी विचारतात, "सोबत कोण?" दोन वर्षं मी सांगत आले, कोणी नाही.

त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "हे आहेत."

सिस्टरांचा पेन थांबला. गिरिधरचे कान लाल झाले... आणि माझी पिशवी त्यानं आणखी घट्ट धरली.