मला ताई म्हणू नका

मला पटवून मुकुंदला काय मिळणार होतं? फार तर एक मिक्सर खपला असता. त्यावरचं थोडं कमिशन, दुकानदाराची शाबासकी, वर एक चहा... एवढ्याशा लाभासाठी माणूस किती गोड बोलतो, हे बघायला मी सात रस्ता चौकातल्या त्या दुकानापुढं थांबले. खोटं कशाला बोलू, पंख्यासाठीही थांबले. मे महिना होता, डांबराला चपला चिकटत होत्या.

मिक्सरची तेव्हा नवलाई होती. दारात टेबल, टेबलावर मिक्सर आणि मागं हा – कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीवर घामाचा नकाशा. भोवती बायकांचा घोळका.

"या ताई, पुढं या. कुटायचं काम संपलं बघा, ताई. बटण फिरवा, चटणी तयार!"

आणि ह्या शहाण्यानं भांड्यात घातलं काय? भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. सोलापुरात उभं राहून मिक्सरमध्ये शेंगाचटणी! कंपनीनं नगरहून नवाच पाठवलेला, त्याला कोण सांगणार? घरघर झाली, झाकण उघडलं, चिमूटचिमूट सगळ्यांच्या तळहातावर आली. माझ्याही.

"ही चटणी न्हवं," मी म्हणाले, "भुकटी हाय."

बायका फिस्सकन हसल्या. त्यानं मिक्सरवरचा हात काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"मग चटणी कशी असते?"

"उखळात कुटलेली. तेल सुटलं पाहिजे, बोटाला चिकटली पाहिजे. भवानी पेठेत या कधी, आमची अव्वा दावंल."

"येऊ?"

इतक्या चटकन विचारलं, की मीच गडबडले. मग सावरून टोचलं, "सगळ्यांना ताई-ताई करताय. मला का नाही म्हणालात?"

त्यानं घोळक्याकडं बघितलं, आवाज खाली आणला. "तुम्हाला ताई म्हटलं, तर... पुढचं सगळंच बंद होतं की."

सोलापूरचं 'की' चार दिवसांत उचललं होतं त्यानं. सेल्समन पक्का होता.

आला. खरंच आला. अव्वा, म्हणजे माझी आई, चटणी कुटून दुकानांना द्यायची, आमच्या घराला बाराही महिने लसणाचा वास असायचा. तिनं त्याचं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. हातात मुसळ दिलं. तिखटानं त्याचे डोळे वाहायला लागले, तळव्यांना फोड आले, तरी गडी थांबेना. मी चौकटीला टेकून बघत होते.

"मिक्सर विकायला आलात, की उखळ घ्यायला?"

"दोन्ही नको." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मला फक्त... भुकटी म्हणणारी पाहिजे."

अव्वा आतून ओरडली, "चंद्रिका, त्याला पाणी दे गं, मेला रडतोय!"

"तिखटानं, अव्वा," तो म्हणाला. पण हसत होता. मी पाणी दिलं आणि तांब्या परत घेताना त्याच्या फोडांना बोट लागू दिलं. चुकून नाही. मी चुकून काहीच करत नाही.

लग्न झालं आणि 'तो'चे 'हे' झाले. यांनी जन्मभर मिक्सर विकले – बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, पार कर्नाटकातल्या इंडीपर्यंत. एसटीत मांडीवर खोका घेऊन बसायचे, तान्हं लेकरू घ्यावं तसा. उभ्या जिल्ह्याला सांगितलं की कुटायचं काम संपलं, आणि दर रविवारी स्वतः बनियनवर बसून घरची चटणी कुटली. मी म्हणायची, "ग्राहकांनी बघितलं तर?" हे म्हणायचे, "ग्राहकांना मिक्सर. तुला मी."

पुण्याची मोठी जागा चालून आली होती. नाही म्हणाले. का, तर रात्रीचं जेवण घरी पाहिजे. कुणी दुकानदार आग्रह करायला लागला – मुकुंदराव, आज इथंच दोन घास खा, सकाळी जावा – की यांचे हात जोडलेले. "राग मानू नका. घरी बायको वाट बघतीय." सगळ्या बाजारपेठेत चेष्टा व्हायची त्या वाक्याची. इंडीचे चनबसप्पा तर यांना बघितलं की स्वतःच म्हणायचे, "चला, मुकुंदरावांच्या बायकोला दोन्ही वेळचा नमस्कार!" आमच्या भार्गवीला सायकल यांनीच शिकवली, तिच्या वेण्याही यांनीच घातल्या. वाकड्या, पण घातल्या.

मग विसरायला लागले. आधी किल्ल्या. मग घरचा रस्ता. सात रस्त्यावर उभे राहून, यातला भवानी पेठेचा कुठला, असं रिक्षावाल्याला विचारताना शेजारच्या शिवूनं बघितलं आणि हाताला धरून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, उलटं फिरणार नाही.

आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर यांनी उठून जागा दिली. अदबीनं.

"बसा ना, ताई."

कप हातातून सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं, काहीतरी आवाज झाला असता.

भार्गवी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, त्यांचं मनावर घेऊ नको गं. आजारच तसा आहे." मनावर नको तर कशावर घेऊ? मला औषध नको होतं, चमत्कार नको होता. त्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'ताई'शिवाय काहीही पाहिजे होतं. 'ए' चाललं असतं.

म्हणून मी माळ्यावरून जुना डेमोचा मिक्सर उतरवला. पुसला. टेबल दारात ओढलं. शेंगदाणे भाजले, लसूण सोलला. यांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोर जाऊन उभी राहिले – माझ्या वयाची लाज बाजूला ठेवून, एका पायावर भार देऊन, त्या दिवशी दुकानापुढं उभी होते तशीच.

हातांना सगळं आठवत होतं. झाकण दाबलं, बटण फिरवलं. डोळ्यांत लकाकी आली. "कुटायचं काम संपलं बघा!" माझ्या तळहातावर चिमूट ठेवली.

"ही चटणी न्हवं," मी म्हणाले, "भुकटी हाय."

हे थांबले. माझ्याकडं बघितलं. खूप वेळ... आणि ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं.

"मग चटणी कशी असते?"

देवा. मी टेबल घट्ट धरलं.

"भवानी पेठेत या, दावते. पण आधी सांगा... सगळ्यांना ताई म्हणता. मला काय म्हणाल?"

हसू हळूहळू विझलं. यांनी मिक्सरची वायर काढली, नीट गुंडाळली. एक पाऊल मागं सरकले. आणि माझ्यापुढं हात जोडले.

"राग मानू नका, ताई. घरी बायको वाट बघतीय."

चपला घातल्या आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले, एसटीची वाट बघत. रस्त्याकडं तोंड, माझ्याकडं पाठ. मी आत उभी होते. माझ्या तळहातावर भुकटी होती.

असं पुढं रोजच झालं. दिवस कलला की ओट्यावर, बायकोकडं जायला. थंडी पडायच्या आतच गेले. त्या संध्याकाळीही चपला मागत होते. मीच पायात चढवल्या.

लोक भेटायला येतात, म्हणतात, असा घरवेडा माणूस होणे नाही. खरं आहे. आता मिक्सरही माळ्यावर आहे आणि उखळही कोरडं आहे. बसल्या बसल्या मी बेरीज करते, तर बायको पुरती फायद्यात निघते: तिचा नवरा शेवटच्या शुद्धीपर्यंत तिचाच राहिला, परक्या बाईला भुलला नाही.

किंमत मोजली ती ताईनं.