फाटकावरची निळी दोरी

दार लोटून घे रे कॅलम, वारा आत येतोय. आणि हसू नका. डँड टेल्फर माझा शेजारी. हे त्यानंच मला सांगितलंय, आणि तो मेंढ्यांचा भाव ठरवतानासुद्धा खोटं बोलत नाही.

डँडचा बाप गॅव्हिन चाळीस वर्षं इथल्याच डोंगरधारेवर मेंढपाळ होता. धारेवरच्या कुंपणाच्या दगडी गडग्यात ते एक फाटक आहे ना, तेच. अलीकडे स्कॉटलंड, पलीकडे इंग्लंड. पासपोर्टावर दोन्हीकडच्यांचा देश एकच लिहितात, ते वाचून म्हातारा दर वेळी चिडायचा. पलीकडच्यांशी त्याचं वैर मात्र नव्हतं. बर्फात गाडल्या गेलेल्या त्यांच्या मेंढ्या त्यानं आपल्या हातांनी उकरून काढल्यात. पण मरताना पोराला म्हणाला, "माझी राख फाटकापाशी टाक. आपल्या बाजूला. मूठभर जरी तिकडे गेली तर बघ!"

आता सांगा, आपल्याकडे वारा कुठून येतो? पश्चिमेकडून. आणि जातो कुठे? सरळ इंग्लंडात! डँड तीनदा राखेचा डबा घेऊन वर गेला आणि तीनदा तसाच परत आला.

त्याची बायको इशबेल कावली. "पाच महिने मामंजी माझ्या ओट्सच्या पिठाशेजारी बसलेत. एकदाचं उरक ना!"

"मग वाऱ्याला तूच सांग जाऊन!" डँड खेकसला.

दोन हजार चोवीस सालची चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री सव्वानऊला वारा पडला. टिपूर चांदणं होतं. डँडनं डबा काखेत मारला, मॉस कुत्र्याला हाक मारली आणि निघाला.

फाटकापाशी गवताचं पातंही हलत नव्हतं. त्यानं झाकण काढलं. डबा उपडा केला...

आणि वारा आला. एकच झोत. सगळी राख गडग्यावरून पलीकडे.

डँड फाटक उघडून धावला. गुडघ्यांवर बसून ओल्या गवतातून बोटांनी खरवडू लागला. हाताला नुसता चिखल. मग मात्र त्याचा तोल सुटला.

"जन्मभर माझंच चुकलं ना, बाबा?" तो ओरडला. "मग राहा आता तिकडेच! मी दमलो!"

रडत होता तो. मला सांगतानाही त्यानं तोंड फिरवलं होतं.

तसाच उठून घराकडे निघाला. फाटक सताड उघडं टाकून. मेंढपाळाचं पोर, आणि फाटक उघडं! लहानपणी एवढ्याचसाठी गॅव्हिननं कितीदा त्याचा कान पिळला असेल.

शंभरेक पावलं गेला असेल. मॉस थांबला. मागे बघून शेपूट हलवायला लागला.

"चल रे."

मॉस जागचा हलला नाही.

मागून शिट्टी आली. बारीक. दोन सुरांची.

तशी शिट्टी एकच माणूस मारायचा...

मॉस पळत वर गेला. डँडनं मागे बघितलं नाही. बघवेना. मग...

खट्.

फाटकाची कडी.

डँड धावत सुटला, तो घरात शिरून दार लावेपर्यंत थांबला नाही.

सकाळी मॉस उंबऱ्यावर शांत झोपलेला होता. इशबेलला घेऊन डँड वर गेला. फाटक लावलेलं. वर गवताचे भारे बांधायची निळी दोरी, घट्ट आवळलेली. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती, त्यामुळे त्याची गाठ उलटी, वाकडी पडायची. डँडला जन्मात ती जमली नव्हती.

तीच गाठ होती.

इशबेलनं वाकून गाठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "डँड, ही इकडून बांधलीय."

दोरी अजून तिथंच आहे. कुणी सोडत नाही. आणि गाठ आपल्या बाजूला आहे.