उकळतं इंजिन, कोमट रेडिएटर

"उष्णतेचा काटा लालवर गेला! चाचा, बंद करा, बंद करा!" समरीन जिवाच्या आकांतानं ओरडली.

इंजिन थांबलं. कनेरगाव नाक्यामागच्या माळावर अबूबकरचाचांनी घरीच बांधलेलं छोटं विमान उभं होतं. चाचा हवाईदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. विमानाला त्यांनी एका जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन बसवलं होतं. त्यात पिस्टन वर-खाली होत नाही, तिकोनी रोटर गरगर फिरतो. परवानग्या मिळाल्या होत्या आणि आज पहिलं उड्डाण होतं! सुट्टीला आलेली पुतणी समरीन, तिचा धाकटा भाऊ कलीम आणि शेजारची पुनम सकाळपासून एका जागी बसत नव्हती.

"काटाच खोटा बोलून राहिला!" मदतीला आलेले देविदासकाका म्हणाले. "रेडिएटरला हात लावा. नुसता कोमट! वारं सुटायच्या आत उडवा."

त्यांनी काट्याची वायरच उपटून टाकली. चाचांनी इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर चाचपला. "खरंच की!" म्हणत ते घाईघाईनं हेल्मेट घालू लागले.

"काटा खोटा असंल तर इंजिनबी कोमटच पाहिजे, व्हय ना?" समरीन पुनमच्या कानात कुजबुजली.

"बघूच!" पुनम बाटली घेऊन पळाली. चाचा आत बसले, तसा कलीमनं थेट पुढच्या चाकासमोर बसकण मारली.

"ऊठ, पोरा! हा काय खेळ आहे?" चाचा चिडले.

"न्हाई उठत! आधी पुनम काय करते ते बघा!"

पुनमनं इंजिनवर पाण्याचे थेंब शिंपडले. चुर्रर्र! वाफच उठली!

"बघा! इंजिन भाजून राहिलं अन् रेडिएटर कोमट! मग गरम पाणी जातं कुठं?" समरीननं देविदासकाकांकडे पाहिलं. "काका, तुमी काल इंजिन खोललं होतं, तवा काय काढलं?"

"काही न्हाई गं! फक्त थर्मोस्टॅट. एवढ्या उन्हात तो काहून पाहिजे? उलट पाण्याचा रस्ता मोकळा झाला!"

चाचांचा चेहरा उतरला.

"पण रस्ते दोन आहेत!" समरीन भराभर बोलत सुटली. "एक रेडिएटरकडं, दुसरा जवळचा, तसाच परत इंजिनात. तापलं की थर्मोस्टॅट पहिला उघडतो अन् दुसरा बंद करतो. चाचा, तुमीच सांगितलं होतं! आता दोन्ही उघडे, म्हणून पाणी जवळच्या रस्त्यानंच, गार न होता फिरून राहिलं!"

"हवेत इंजिनातलं पाणी अडवणारे सील जळाले असते, इंजिन तिथंच बंद पडलं असतं," चाचा हळूच म्हणाले. देविदासकाका ओशाळून पाण्याचं झाकण उघडायला वळले, तशा दोघी एकदम ओरडल्या, "हात लावू नका! उकळतं पाणी अंगावर येईल!"

इंजिन निवेपर्यंतचा वेळ सरता सरेना. मग थर्मोस्टॅट आणि वायर जागेवर बसली, इंजिन पुन्हा सुरू झालं. काटा चढला, चढला... आणि मध्यावर थांबला. आता रेडिएटर चांगलाच तापला होता!

विमान माळावरून धावलं. चाकं उचलली! पोरं धुळीतून ओरडत मागे पळाली. कयाधू नदीच्या दिशेनं वळसा घालून विमान अलगद खाली उतरलं.

चाचांनी उतरताच तिघांना कवेत घेतलं. "विमान मी उडवलं, लेकरांनो, पण सुखरूप परत आणलं तुमी!"

देविदासकाकांनी कान पकडले. "पोरींनो, इथून पुढं तुमाला विचारल्याबिगर एक नटसुद्धा काढणार न्हाई!"