मर्यादेबाहेरचा फरक

टॅम्सिनला परीक्षकांमधून काढून टाकलं. पण ते घडलंच नाही असं धरून चालू. तीही बरेच दिवस तसंच धरून चालली होती.

दक्षिण गोलार्धातल्या होबार्टला नोव्हेंबरात वसंत असतो, असं कॅलेंडर म्हणतं. बाहेर पावसाची झड, आणि कॉलेजच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली साहित्याचे पेपर तपासणारी माणसं. टॅम्सिनच्या टेबलाशी नायल येऊन बसला तेव्हा त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. किंग बेटावरच्या शाळेतला साहित्याचा एकुलता एक मास्तर.

"पेपरवर ठिबकलास तर पोराचे गुण जातील हं."

"उलट वाढतील. परीक्षकाला रडू आलं असं वाटेल."

तिने हसू गिळलं. तिथे हसायला बंदी नव्हती, कुणी प्रयत्नच केला नव्हता.

प्रत्येक पेपर दोघांनी तपासायचा, एकमेकांचे गुण न बघता, पेपरांबद्दल न बोलता. वीसपैकी तीनहून जास्त फरक पडला की पेपर तिसऱ्याकडे. आणि ज्या जोडीचा फरक रोजच पडेल, तिच्यातला एक घरी.

एका मुलीने लिहिलं होतं, 'ही कविता वाचून बाबा आठवले. म्हणून मी शेवटचं कडवं वाचलं नाही.'

नायलने अठरा दिले. टॅम्सिनने चार.

संध्याकाळी मुख्य परीक्षक ग्लेनिसबाईंनी फरक वाचून दाखवला.

"चार?" नायल कुजबुजला. "दगड आहेस का गं?"

"गुणांच्या तक्त्यात 'बाबा' असा रकाना कुठंय?"

"म्हणजे तक्ता चुकलाय."

"आणि ज्यांचा पेपर तुझ्यासारख्या हळव्याच्या हाती लागत नाही, त्यांनी काय करायचं? तक्ता निदान सगळ्यांशी सारखाच निर्दय असतो."

त्याने लॅमिंग्टन केकचा अर्धा तुकडा हळूच तिच्याकडे सरकवला. मोठा अर्धा.

"उद्याही असंच झालं तर नायल जाईल," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "बेटाचं विमान गुरुवारी आहे."

त्या रात्री टॅम्सिनला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कळवळून गुण वाटले. 'कवीला कुणीतरी छत्री द्या' एवढंच लिहिणाऱ्याला एकोणीस! शेजारी नायल तक्त्यावर पट्टी धरून, दात आवळून बसला होता.

संध्याकाळी ग्लेनिसबाईंनी चष्मा पुसला. "फरक तेवढाच आहे. फक्त उलटा."

टॅम्सिन नायलकडे वळली.

"तू... माझ्यासारखे दिलेस?"

"मला जायचं नव्हतं ना. आणि तू?"

"तू जाऊ नयेस म्हणून तुझ्यासारखे दिले, गाढवा!"

"म्हणजे... तुलाही?"

"हो. मलाही."

कबुली भर सभेत झाली. ग्लेनिसबाईंनी तिची नोंद न घेता दोघांनाही काढून टाकलं. पेपर तिसऱ्याकडे गेले. त्याने सगळ्यांना दहा-दहा दिले, त्या मुलीलाही. गुरुवारी पाऊस होता, तरी नायलचं विमान वेळेवर सुटलं. त्याने थांबायला हरकत नव्हती.

महिन्याभराने दोघांच्या सह्यांचा अर्ज परीक्षा मंडळाकडे गेला:

'सदर मुलीचा पेपर फेरतपासणीसाठी आम्हां उभयतांकडे, एकाच टेबलावर, परस्परांशी बोलण्याच्या परवानगीसह देण्यात यावा. आणि आमचं बोलणं संपेपर्यंत राज्याचा निकाल थांबवावा, ही नम्र विनंती.'