रोगाची पाठवणी

बाबांच्या बैलाची जीभ एका परक्या तरुणाच्या मुठीत पाहून गोजरा थबकली.

"काय करून राह्यले तुमी?"

"फोडावरची साल काढतोय," म्हणत त्याने वर पाहिलं... आणि जीभ हातातून निसटली. बैलाने संधी साधून त्याचा अख्खा चेहरा लाळेने माखला. गोजराच्या पदराचं टोक चटकन दातांखाली गेलं.

हा उत्तम, शहरातल्या प्रयोगशाळेचा मदतनीस. अठ्ठावन्न साली गावभर गुरांना लाळ-खुरकत झाली, म्हणून आलेला. साल बर्फाच्या थर्मासात ठेवत तो म्हणाला, "वासराच्या मूत्रपिंडातल्या पेशी आम्ही काचेच्या बाटलीत वाढवतो. त्यांच्यावर हा विषाणू सोडतो. तो तिथं वाढला, की त्याच्यावर लस शोधता येते."

"म्हंजे वाफा तुमचा अन् रोप रोगाचं?" माळ्याची पोर ती. "आमी कीड मारतो, तुमी लावता. पानी कोन देते?"

"मीच. साखर-मीठ घातलेलं."

"लय लाडाचा हाय मंग."

बोलता बोलता बर्फ वितळत होता, पण उत्तमचे पाय निघेनात. निघाला, तर वेशीवर लिंबाच्या डहाळ्यांची दोरी. गाव बांधलं होतं. माणसाने रिकाम्या हाताने खुशाल जावं, पण रोग हटेपर्यंत गावातली काडीही बाहेर न्यायची नाही. आणि थर्मासाविना गेला, तर उत्तमची नोकरी गेलीच म्हणायची.

गोजराचे वडील पंजाबराव गावचे पंच. ते काही ऐकेनात. शेवटी गोजराच पुढे झाली.

"बाबा, दरसाली रोगाले गाड्यात बसवून शिवेपार धाडता ना? हे त्याले थर्मासात नेऊन राह्यले. मंग अडवता काहून?"

पंजाबरावांनी डोकं खाजवलं. पोरीचं बोलणं खोटं नव्हतं. थर्मासाला हळद-कुंकू लागलं, डफडं वाजू लागलं.

"जा जऊळक्याच्या ठेसनावर, आगगाडी गाठा," पंजाबराव म्हणाले. "पन रोग नेनाऱ्यानं मागं वळून पाहाचं नाही. पाह्यलं तं रोग माघारी येते."

उत्तमने थर्मास उचलला. गोजराकडे एकदा वळून पाहायचं होतं... पण गावाची गुरं होती. मान ताठ ठेवून, भरल्या डोळ्यांनी त्याने शीव ओलांडली.

पलीकडच्या मळ्यात, पाटाच्या कडेला, गोजरा धापा टाकत उभी होती. ओढ्यातून पळत, रिकाम्या हातानं आलेली.

"तुम्ही... इथं?"

"मागं पाहू नका म्हनले बाबा. समोर पाहू नका, असं कुठं म्हनले?"

"गोजरा, रोग नसता तरी मी आलो असतो... तुमच्यासाठी."

तिचे कान लाल झाले. "मंग रोग गेला की या. बाबाले मागनी घालाले."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. तिने थर्मासाकडे बोट दाखवलं.

"निघा आता, बर्फ वितळून राह्यला. जावयाले एक रोग सांभाळता आला नाही, हे मी बाबाले कोन्या तोंडानं सांगू?"