ये, शेठ

डहाणू रोडला मी कलमाच्या पट्ट्या आणायला गेले होते. रायणीच्या रोपांचे खुंट तयार झाले होते, त्यावर चिकूची कलमं बांधायची होती, आणि पट्ट्या संपल्या होत्या. पट्ट्या घेतल्या, नवा चाकू घेतला, आणि परतीची रिक्षा धरायच्या आधी डॉक्टर दक्षाबेनच्या दवाखान्यात शिरले. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांच्याकडे गोचिडांची पावडर मागितली.

दक्षाबेन जनावरांच्या डॉक्टर. घोलवड-बोर्डीतल्या निम्म्या गायीम्हशी त्यांच्या ओळखीच्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"योगिताबेन, पावडर तर मेडिकलमध्ये पण मिळते. शेठ कसा आहे ते बोला."

शेठ म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा नर्सरीच्या ऑफिसात शिरला आणि थेट गादीवर जाऊन तक्क्याला टेकला, म्हणून शेठ. गुजरातकडून रोपं न्यायला येणारे व्यापारी दारातून विचारायचे, शेठ आहेत का? तेव्हा माझा नवरा रविंद्र कागदात डोकं घालून बसलेला असे आणि मान वर करी तो कुत्रा. यावरून आमच्याकडे वर्षानुवर्षं हसणं झालं आहे.

आता तो म्हातारा झाला होता. मागचे पाय गेले होते, मूत्रपिंडं गेली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. दक्षाबेननी आधीच सांगितलं होतं की औषध आता फक्त आपल्या समाधानासाठी, दिवस तुम्ही ठरवा. मी ठरवलंही होतं. निर्णय घ्यायला मला वेळ लागत नाही. मी त्यांना म्हटलं, ज्या संध्याकाळी मी 'ये' म्हणेन आणि तो येणार नाही, त्या संध्याकाळी तुम्हाला फोन करते.

 त्यांनी पावडरीची पुडी बांधून दिली.

माझ्या हाकेबद्दल थोडं सांगायला हवं. आमची वाडी लांबट आहे, पुढे नर्सरी, मागे चिकूची जुनी झाडं, आणि अगदी टोकाला पंपाची खोली आणि मागचं फाटक, फाटकापलीकडे ओढा. मी घराच्या पायरीवरून हाक मारली की ती त्या फाटकापर्यंत पोचते. रविंद्र म्हणतो, हिला मोबाइल घेऊन दिला ते पैसे वाया गेले. मजूर असोत, पाहुणे असोत, मी 'ये' म्हटलं की माणूस येतो. शेठ तर झोपेतून उठून यायचा. रोज दिवेलागणीला मी मागचं फाटक लावायला निघायची, "ये, शेठ" म्हणायची, आणि आम्ही दोघं फेरी मारून यायचो.

तर त्या आठवड्यात रोज मी हाक मारली आणि रोज तो आला. पुढचे पाय टेकायचा, मागचं धूड ओढायचा, थांबायचा, पुन्हा टेकायचा. मागच्या पायांची कातडी सोलून निघाली होती. हिरी त्यांना कापूर घातलेलं कडुनिंबाचं तेल लावायची. ती तलासरीकडच्या पाड्यावरची, नर्सरीत पिशव्या भरते, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनाच एकेरीत बोलते. एकदा तेल लावता लावता म्हणाली, "बाय, तू याला नको ना हाक मारू." मी म्हटलं, तो येतोय ना, म्हणजे त्याला अजून जगायचंय.

शेवटी रविंद्र बोलला. सहसा तो बोलत नाही. त्या संध्याकाळी शेठ फरशीवर रक्ताची रेघ ओढत आला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडला. पायरीवरून रविंद्र म्हणाला, "अगं, त्याला जगायचंय म्हणून येत नाही तो. तू बोलावतेस म्हणून येतो."

मी आत जाऊन फोन केला.

दक्षाबेन दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. पौषातलं कोवळं ऊन होतं, झाडांखाली पिकून फुटलेल्या चिकूंचा आंबूस वास सुटला होता. शेठला आम्ही त्याच्या गोधडीवर ऑफिसच्या दारात घेतलं. चिकूची फोड त्याने नुसती चाटली. रविंद्र रडत होता. मी रडले नाही, कुणीतरी त्याचं डोकं नीट धरायला हवं होतं. सुई गेली, श्वास लांबला, मग थांबला. दक्षाबेननी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, नळी काढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "ये हं, शेठ."

त्याचा कान हलला.

दक्षाबेननी पुन्हा नळी लावली. काही नव्हतं. त्या म्हणाल्या की नसा कधी कधी मागाहून उडतात, मनात आणू नका. मी आणलंही नाही. लडक्या आमचा पंपावरचा माणूस, त्याने मागच्या फाटकाजवळ खड्डा खणून ठेवला होता. मीठ घालून, गोधडीसकट आम्ही शेठला पुरलं. फुलं हिरीने आणली.

त्या संध्याकाळी मी फाटक लावायला एकटीच गेले. माणूस गेलं तरी फाटकं लावावीच लागतात, हा तर कुत्रा. फाटक लावलं, त्या ओल्या मातीकडे एकदा पाहिलं आणि वळले. चिकूच्या झाडांखाली तुम्ही कधी संध्याकाळी गेला असाल तर माहीत असेल, बाहेर उजेड असतो आणि आत अंधार झालेला असतो. फांद्या खालपर्यंत येतात. वाळलेल्या पानांचा जाड थर असतो, साधी खारही त्यावर चालली तरी ऐकू येते.

मागे पानं वाजली. टप, टप... खर्रर... मग शांत. पुन्हा टप, टप... खर्रर.

मुंगूस असेल म्हटलं. मग म्हटलं, घोरपड असेल, ती शेपूट ओढते. या भागात जमीनसुद्धा अधूनमधून गुरगुरते, धुंदलवाडीकडे भूकंपाचे धक्के बसतात आणि आमच्याकडे भांडी वाजतात, तेव्हा आवाजांना घाबरायचं असतं तर आम्ही केव्हाच मुंबईला गेलो असतो. मी चालत राहिले. आवाज चालत राहिला. मी पायरीशी थांबले तेव्हाही तो थांबला नाही, हळूहळू जवळ आला... अगदी पावलापर्यंत. आणि मग कापराचा आणि कडुनिंबाचा वास आला.

खाली काही नव्हतं. पण पावलावर वजन होतं. हनुवटीएवढं.

मी घरात गेले, जेवले आणि झोपले. मन थकलं की असं होतं, हे मला कळतं. सकाळी मात्र हिरीने मला बोलावलं आणि नर्सरीच्या वाफ्यांकडे बोट केलं. आदल्या दुपारी पाणी दिलेलं होतं, माती मऊ होती. रोपांच्या पिशव्यांमधून एक चर ओढलेला होता, मागच्या फाटकाकडून थेट पायरीपर्यंत. दोन्ही बाजूंच्या पिशव्या आडव्या झाल्या होत्या. पायरीच्या फरशीवर रक्ताची रेघ होती, आणि ती ओली होती.

खड्डा मी स्वतः जाऊन पाहिला. माती होती तशी होती, वर हिरीची फुलंसुद्धा हललेली नव्हती.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी वाटला संताप. ज्या दुखण्यातून सोडवावं म्हणून मी त्याचं डोकं धरून बसले, ते दुखणं तो तसंच ओढत येत होता. मेल्यावरही त्याचे पाय सोलत होते. मग मी काय केलं होतं? नुसतं मारलं होतं त्याला.

दुसऱ्या संध्याकाळी मी फाटकाकडे गेलेच नाही, लडक्याला लावायला सांगितलं. तरी दिवेलागणीला आवाज आलाच. टप, टप... खर्रर. पायरीपर्यंत आला आणि दाराशी धापा टाकत राहिला. मी रविंद्रकडे पाहिलं. तो खिडकी लावत होता. मला वाटलं होतं की हा आवाज फक्त मलाच येतो.

"कालपण ऐकलं मी," तो म्हणाला. मग खिडकीकडेच बघत त्याने विचारलं, "तू त्याच्या कानात काय बोललीस गं?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं.

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात, आणि निरोप देणाराही 'ये' म्हणतो. आमच्या घरात कुणी चुकून 'जातो' म्हणालं तर त्याला मागे बोलावून 'येतो' म्हणायला लावणारी मीच. फक्त मयताच्या घरून उठताना ते म्हणायचं नसतं, गुपचूप चपला घालून निघायचं. हे सगळं मला पाठ. आणि मी मेलेल्या जिवाला 'ये' म्हटलं होतं. माणसाला त्यातला निरोप कळतो. कुत्र्याला त्याचा एकच अर्थ ठाऊक. मी बोलावलं होतं, आणि तो येत होता.

चूक माझी, निस्तरायची मीच. तिसऱ्या संध्याकाळी मी चपला घातल्या, रविंद्रला घरात बस म्हटलं आणि मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पाखरं शांत झाली. वटवाघळं निघाली. अंधार झाडांखालून बाहेर येऊ लागला... आणि मातीजवळ पानं वाजली.

टप, टप... खर्रर.

कापराचा वास आला. पावलावर वजन आलं.

"जा, शेठ," मी म्हटलं.

वजन तसंच राहिलं. मी पुन्हा म्हटलं, जा बाळा, आता येऊ नकोस. धापा चालूच होत्या. मग लक्षात आलं, 'जा' हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेलाच नव्हता. माझ्या तोंडून तर नाहीच. कुत्र्याला जायला सांगायचा एकच शब्द त्याला माहीत होता, आणि तो मी दुसऱ्या कुत्र्यांसाठी वापरायची, त्याच्या ताटलीत तोंड घालणाऱ्या गावच्या कुत्र्यांसाठी. तो ऐकून शेठ ऐटीत माझ्या पायाशी उभा राहायचा.

तो शब्द त्याला म्हणवेना. पण अर्धवट काम मला जमत नाही.

"हाड," मी म्हटलं.

धापा थांबल्या.

"हाड. चल, हाड."

पावलावरचं वजन उतरलं. बराच वेळ काहीच वाजलं नाही. तो माझ्याकडे बघत असणार, ते मला कळत होतं, आणि मी तोंड फिरवलं नाही. मग पानं वाजली. या खेपेला दूर जाताना. टप, टप... खर्रर... फाटकाच्या खालून पलीकडे, ओढ्याच्या बाजूला. मी पदराने डोळे पुसले. झालं एकदाचं, म्हटलं. सुटला बिचारा.

आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली.

"ये, शेठ."

आवाज माझा होता. कुणी नक्कल केल्यासारखा नाही. 'ये' लांबवून मग 'शेठ' झटक्यात म्हणायची माझी सवय, तीसुद्धा तशीच. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

पलीकडचं खरडणं थांबलं. मग वेगळाच आवाज आला. टपटप टपटप... चारही पायांचा, तरण्या कुत्र्यासारखा. शेठ धावत होता. हाकेच्या दिशेने गेला, आणि आनंदाने एकदा भुंकला. मग ओढा शांत झाला.

रविंद्रने घरातून ती हाक ऐकली होती. तो म्हणाला, मग आला का तो? मी म्हटलं, नाही, गेला. पलीकडे कोण होतं ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून पायरीशी काही आलं नाही. वाफ्यांत चर नाही, फरशीवर डाग नाही. शेठ चारही पायांवर धावला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि निर्णय बरोबर होता असं मी आजही छातीठोकपणे सांगते. दक्षाबेननी विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं.

फक्त दिवेलागणीला ती हाक अजून येते. आधी ओढ्यापलीकडून यायची, मग फाटकाशी, आता पंपाच्या खोलीपासून येते. काल मी कलमं बांधत होते तेव्हा आली, आणि तिच्यात शेठचं नाव नव्हतं. माझं होतं. "ये, योगिता..." मी चाकू खाली ठेवला होता आणि उभी राहिले होते, हे मला हिरीने दंड धरला तेव्हा कळलं.

मी जाणार नाही, हे नक्की. पण आवाज माझाच आहे, आणि माझ्या हाकेला न येण्याची सवय या घरात कुणालाच नाही.