बाराशे किलोमीटर मागे

"हे यान पोहोचणारच नाही," घारपुरे म्हणाला.

शुक्राच्या ढगांत तरंगणाऱ्या 'शुक्रवार पेठ' या शहराचा उड्डाणकक्ष त्याच्याकडे येऊन महिनाच झाला होता. त्याआधी तो पृथ्वीवर विमानांची वेळापत्रके आखत असे. "नवं उमरगा आपल्या मागे बाराशे किलोमीटर. यानाचा वेग ताशी दोनशे, समोरून वारा ताशी अडीचशे. कौसर उलटीच वाहत जाईल!"

"कुठला वारा?" वातशास्त्रज्ञ प्रज्ञा खोब्रागडे यांनी विचारले. "दोन्ही शहरं त्याच वाऱ्यावर चालली आहेत. पुरात दोन ओंडके वाहतायत, घारपुरे. एकावरून दुसऱ्याकडे पोहणाऱ्याला पूर आडवा येत नाही. वारा शून्य धरा."

"तरी सहा तास."

"डॉक्टरांनी पाच दिलेत," वैमानिक कौसर मुलाणी म्हणाली. तिची मोठी बहीण नव्या उमरग्यात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. बॉम्बे रक्तगटाच्या सगळ्या शुक्रावर या दोघीच. "मॅडम, काहीतरी काढा. आपाला माझंच रक्त चालतं."

खोब्रागडे यांनी पडद्यावर बोट खाली ओढले. "संथथर. चौदा किलोमीटर खाली वारा ताशी शंभरनं कमी आहे. तिथून उडालीस, तर तू दोनशेनं उमरग्याकडे जाशील आणि उमरगा शंभरनं तुझ्याकडे येईल."

"चार तास!" कौसर उठलीच.

"बाहेर दीडशे अंश असतील. यानाचं कवच एका फेरीतच जाईल. आणि पेठेत दुसरं यान नाही, उमरग्यात तर एकही नाही."

"परतीचं नंतर बघू."

"मग सगळी पेठच खाली न्या की!" घारपुरे वैतागला.

"नेता येते," खोब्रागडे शांतपणे म्हणाल्या. "पण माणसांना सोसेल इतकीच, जेमतेम एक किलोमीटर. वारा ताशी बारानं कमी होईल. उमरगा गाठायला चार दिवस लागतील, आणि सगळे उकडून निघतील."

कौसर तोवर शिडी उतरून गेली होती.

खाली पिवळट अंधार होता. कवचाचे पापुद्रे सुटू लागले, आसन तापले. पण पडद्यावरचा ठिपका खरोखरच तिच्याकडे धावत येत होता. एक अख्खे शहर! चौथा तास भरत आला तेव्हा ती आनंदाने ओरडली आणि वर झेपावली. यान नव्या उमरग्याच्या धक्क्याला लागले, तेव्हा त्याची कातडी लोंबत होती.

संध्याकाळी आपाने डोळे उघडले. कौसरच्या दंडाची पट्टी पाहून म्हणाली, "आलीस? रिकाम्या हातानं?"

"भरल्या हातानं आले होते. रिकामा तू केलास!"

मग तिने पेठेला संपर्क लावला. पडद्यावर घारपुरे बनियनवर बसला होता. घाम निथळत होता. मागे खोब्रागडे मॅडम पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"अहो, हे काय?"

"गावानं हात वर करून ठरवलं," घारपुरे म्हणाला. "आता अंतर अकराशे अठ्ठ्याऐंशी. तू झोप. आम्ही येतोय."